क्षितिजाची रेघ

कांदळवनाच्या कडेला सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, चिखल उघडा पडतो तेव्हा उभ्या माणसाला तिथे फारसं काही दिसत नाही. करंगळी जाईल एवढी बिळं, बिळांभोवती चिखलाच्या बारीक गोळ्या आणि ओल्या चिखलावरची चमक, एवढंच. तोच माणूस खाली बसला आणि हातपाय न हलवता दहा-पंधरा मिनिटं थांबला, की एका बिळाच्या तोंडाशी देठांवरचे दोन डोळे वर येतात. मग शेजारच्या बिळातून दोन. बघता बघता सगळा चिखल हलायला लागतो.

हे फिडलर खेकडे. नराचा एक डेंगा, म्हणजे नांगी, अवाढव्य, काही नरांत तर एकट्या डेंग्याचं वजन सगळ्या अंगाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दुसरा डेंगा चिमट्याएवढा. खाण्याच्या कामाला हा छोटाच. चिखलाची चिमूट उचलायची, तोंडात घालायची, तिच्यातलं शेवाळ आणि जिवाणू गाळून घ्यायचे आणि उरलेला चिखल गोळी करून खाली टाकायचा. मादीला दोन्ही हातांनी जेवता येतं, नर जन्मभर एका हाताने जेवतो. मोठा डेंगा आहे तो हलवून मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला हटवायला.

बघायला जायचं तर वेळ नीट धरावी लागते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती साधारण सव्वादोनला आणि सुकती तिच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला उधाणाचा जोर टिकून असतो, पाणी लांबवर हटतं आणि उजेडही चांगला मिळतो. खाडीत आत असाल तर मुखापेक्षा पाणी उशिरा हटतं, तेवढा वेळ धरून ठेवायचा. पूर्ण सुकतीच्या तास-दीड तास आधी जाऊन बसायचं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, चिखल कमी उघडा पडतो, तेव्हा हिरमोड होतो.

उभं राहिलं की खेकडे पळतात आणि बसलं की येतात, याचं कारण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीत आहे. देठासकट त्यांचे डोळे चिखलापासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर वर असतात. सपाट चिखलावर बघणाऱ्याचं क्षितिज त्याच्या डोळ्यांच्याच उंचीवर असतं. म्हणून खेकड्याएवढाच दुसरा खेकडा वीतभर अंतरावर असो की दहा फुटांवर, तो क्षितिजाच्या रेघेखालीच दिसणार. जे काही त्या रेघेच्या वर डोकं काढतं ते खेकड्यापेक्षा उंच आहे: बगळा, तुतारी पक्षी, घार, माणूस. अंतर मोजायला नको, आकार ओळखायला नको, आठवणही नको. रेघेच्या वर हललं तर पळ, खाली हललं तर शेजारी. प्रयोगांत एकच काळी वस्तू एकदा रेघेखालून आणि एकदा रेघेवरून सरकवली, तर खालून जाताना खेकडे तिला आपल्यातलंच कोणी समजून वागले आणि वरून जाताना बिळाकडे धावले. वस्तू तीच होती, फक्त रेघेची बाजू बदलली.

बगळा म्हणजे काय हे खेकड्याला कळत असेल असं आपण सहज धरून चालतो. त्याला कळण्याची गरजच नाही. तो बगळ्याला उत्तर देत नाही, बगळ्याच्या खुणेला देतो. माझ्या मते प्राण्यांच्या वागण्याचं कुलूप उघडणारी किल्ली हीच. ती हातातून निसटली की आपण एकतर प्राण्यांना शहाणं म्हणतो, नाहीतर मूर्ख.

या खुणा निवडल्या कुणी? कुणीच नाही, आणि तरीही त्या निवडल्या गेल्या. समजा एका चिखलावर हजार खेकडे आहेत. कुणी थोड्या हालचालीला पळतो, कुणी सावली अगदी जवळ आल्यावर पळतो, आणि या फरकातला काही भाग आईबापांकडून पिल्लांकडे उतरतो. उशिरा पळणाऱ्यांतले जास्त जण बगळ्याच्या चोचीत जातात. लवकर पळणारे वाचतात, पण त्यांनाही किंमत मोजावी लागते. चिखल उघडा असतो दिवसाचे काही तास. प्लास्टिकची पिशवी उडाली म्हणून दोन मिनिटं, ढगाची सावली सरकली म्हणून दोन मिनिटं, असं करत जो सारखा बिळात जाऊन बसतो तो उपाशी राहतो आणि मादीला बोलवायचाही राहून जातो. दोन्ही चुकांची किंमत मात्र सारखी नाही. उगाच पळण्याची किंमत एक घास, न पळण्याची किंमत जीव. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड झुकली ती घाबरटपणाकडे. उपासमार होईल इतकी मात्र नाही.

हा तोल किती बारीक आहे ते पळण्याच्या अंतरावरून दिसतं. बिळापासून लांब चरायला गेलेला खेकडा लवकर पळतो, बिळाच्या तोंडाशी असलेला धोका बराच जवळ येऊ देतो. एकच निरुपद्रवी वस्तू पुन्हा पुन्हा तशीच समोरून गेली तर पळणं कमी कमी होत जातं. जन्मजात वागणं म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, त्यात सवयीला जागा ठेवलेली असते. जागा किती, हेही निवडीनेच ठरलेलं.

बीळ सापडतं कसं, हा भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. इतक्या खालून बघणाऱ्या डोळ्याला वीत-दोन वीत अंतरावरचं बिळाचं तोंड दिसतच नाही. चरताना खेकडा आपल्या चालीचा हिशोब मनात ठेवतो, किती पावलं आणि कुठल्या दिशेला. चरता चरता अंगाची एक बाजू सतत बिळाकडे राहील असा वळत राहतो, कारण खेकडा आडवा पळतो आणि पळायची वेळ आली की वळण्यात वेळ जायला नको. संशोधकांनी चरणाऱ्या खेकड्याच्या पायाखालचा पातळ पत्रा अलगद बाजूला सरकवला आणि मग त्याला घाबरवलं. खेकडा सुसाट पळाला आणि पत्रा हलला नसता तर जिथे बीळ असतं तिथे जाऊन थांबला. खरं बीळ थोड्याच अंतरावर होतं. हिशोबात चूक नव्हती. जमीन पायाखालून सरकण्याची गोष्ट त्याच्या पूर्वजांपैकी कुणाच्याच वाट्याला आली नव्हती.

खूण खोटीही असते. भांडणात मोठा डेंगा तुटला तर काही जातींत नवा उगवतो तो लांबीला पुरेसा, पण हलका आणि कमजोर. तो हलवायला सोपा असतो आणि लांबून बघणाऱ्या नराला किंवा मादीला फरक कळत नाही. प्रत्यक्ष झटापट झाली की असा नर हरतो. तरीही झटापटीपर्यंत वेळ क्वचितच येत असल्याने त्याचं चालून जातं. सगळेच तोतये झाले तर डेंग्याकडे बघून माघार कुणी घेणार नाही. थोडे आहेत तोवरच ही लबाडी टिकते.

नेदरलँड्सचे प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांनी १९६३ साली वागण्याबद्दलचे चार प्रश्न वेगळे करून ठेवले. हे वागणं आत्ता कशामुळे सुरू झालं? प्राण्याच्या आयुष्यात ते घडलं कसं? जगायला आणि वंश वाढायला त्याचा उपयोग काय? आणि पूर्वजांपासून ते इथवर आलं कोणत्या वाटेने? १९७३ साली कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. चारही उत्तरं एकाच वेळी खरी असतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी दिलं की गोंधळ होतो. बेडूक का ओरडतो? ‘पाऊस पडला म्हणून’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ‘मादी यावी म्हणून’ हे तिसऱ्याचं. कट्ट्यावर यावरून वाद घालणारे दोघेही बरोबर असतात.

मृग लागतं तेव्हा हेच कोकणातल्या प्रत्येक पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, दिसतं. पहिला जोराचा पाऊस पडून लाल गढूळ पाणी खाली आलं की नदीतले मासे उलट्या धारेने वर निघतात. हे चढणीचे मासे, रायगडाकडे म्हणतात वलगणीचे. पऱ्ह्यातून व्हाळात, व्हाळातून बांध ओलांडून भातखाचरात. खाचरातल्या उथळ पाण्यात पिल्लांना खाणं भरपूर असतं आणि मोठे मासे कमी. अंडी घालायला यापेक्षा चांगली जागा नाही, पण ती वर्षात थोडेच आठवडे उघडी असते.

इथे खूण एक नाही, दोन पायऱ्यांची आहे. दिवस लांबतात, पाणी तापतं, तशी उन्हाळाभर अंडी पोटात तयार होत जातात. ही झाली तयारी. सोडायचा हुकूम येतो पाणी वाढतं, गार होतं, धार लागते आणि त्यातले क्षार पातळ होतात तेव्हा. नुसती तयारी असून हुकूम मिळाला नाही तर काय होतं ते रोहू-कटला पाळणाऱ्यांनी पूर्वी वर्षानुवर्षं अनुभवलं. साचलेल्या तळ्यात हे मासे वाढतात, अंड्यांनी पोटं भरतात, पण अंडी सोडत नाहीत, कारण तळ्याला पूर येत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्पकडून, म्हणजे रोहू-कटलाच्या कुळातल्या माशांकडून, अंडी सोडवून घेतली. धारेची खूण मेंदूपर्यंत गेल्यावर मेंदू ज्या ग्रंथीला हुकूम देतो, तिचाच रस त्यांनी बाहेरून दिला. पूर सुईतून आला म्हणा. आजचा मत्स्यबीजाचा धंदा या पायरीवर उभा आहे आणि १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

चढणीच्या वेळेतही तोल आहे. मेमधल्या वळवाच्या सरीवर जो मासा वर धावतो तो पाणी आटल्यावर डबक्यात अडकतो. जो फार थांबतो त्याची पिल्लं पाणी उतरायच्या आत पोहून परतण्याएवढी मोठी होत नाहीत. हल्ली अडचण वेगळीच येते. रस्त्याखालच्या मोरीचा पाइप खालच्या अंगाला पाण्यापासून हात-दीड हात वर लटकत असेल तर वीतभर मासा तिथे उड्या मारून थकतो आणि त्याच जागी पकडला जातो. पाइप अरुंद असला की आतली धार इतकी जोरात की पोहून पार होत नाही. उपाय महाग नाही: मोरीचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खाली बसवायचा, तोंड रुंद ठेवायचं आणि तळाशी दगडगोटे राहू द्यायचे, म्हणजे त्यांच्या आडोशाला थांबत थांबत मासा पुढे सरकतो. गावातला रस्ता होतो तेव्हा हे सांगायला कुणीतरी उभं राहायला हवं.

सापळ्यांचंही बोललं पाहिजे. चढणीच्या तोंडावर बांबूच्या कामट्यांचे सापळे लावायची रीत जुनी आहे आणि तो मासा चवीचा असतो, यात वाद नाही. पण पोटात अंडी असलेला मासा अंडी घालायच्या आत काढला तर पुढच्या वर्षीचा मासाही त्याच्यासोबत निघून जातो. पऱ्ह्याची अख्खी रुंदी अडवायची नाही आणि पहिल्या लोंढ्याला वाट मोकळी द्यायची, एवढं पाळलं तरी फरक पडेल. आपण जे काढतो तीही एक निवडच असते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशांची मासेमारी १९९२ साली बंद करावी लागली. त्याच्या आधीच तिथले कॉड पूर्वीपेक्षा लहान वयात आणि लहान आकारात अंडी द्यायला लागले होते. मोठे होईपर्यंत थांबणारे जाळ्यात गेले, लवकर वयात येणाऱ्यांचा वंश उरला.

आणि आता कासवं. वेळास, आंजर्ले, गुहागर, दिवेआगर, या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री वर येतात, दीड फूट खोल सुरईसारखा खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं फुटतात. आई नाही, शिकवणारं कुणी नाही. दोन इंचांपेक्षा लहान अंग, आणि निर्णय दोनच: बाहेर कधी पडायचं आणि कुठल्या बाजूला चालायचं.

कधी, याची खूण आहे वाळूचं तापमान. वर खणत आलेली पिल्लं वाळूच्या अगदी खाली येऊन थांबतात. दिवसा वरची वाळू तापलेली असते आणि त्या उष्म्याने त्यांची हालचाल बंद पडते. सूर्य बुडाला, वाळू गार झाली की हालचाल पुन्हा सुरू होते आणि घरटं एकदम उकळल्यासारखं वर येतं. पिल्लांना रात्र कळत नाही, गारवा कळतो. अवकाळी पाऊस होऊन भरदिवसा वाळू गार झाली तर ती दिवसाही निघू शकतात, आणि मग कावळे, घारी, कुत्रे. गारवा म्हणजे रात्र हे समीकरण बहुतेक वेळा खरं ठरलं म्हणून निवडीने ते ठेवलं. दरवेळी खरं ठरण्याची अट त्यात नाही.

कुठल्या बाजूला, याची खूण पुन्हा क्षितिज. मोकळ्या समुद्रावरचं आकाश रात्रीही जमिनीपेक्षा उजळ असतं, आणि जमिनीकडे असतं सुरूचं बन, त्यामागे माडांची उंच काळी भिंत. पिल्लू क्षितिजालगतच्या उजेडाकडे जातं आणि उंच काळोखाकडे पाठ फिरवतं. त्याची नजर उजेड मोजते ती रुंदीला जवळजवळ अर्धं वर्तुळ, पण उंचीला थोडीच. म्हणून आभाळात वर आलेला चंद्र त्याला फारसा फसवत नाही. लाल-पिवळ्या उजेडापेक्षा निळा-हिरवा उजेड त्याला जास्त ओढतो. पाण्यात शिरल्यावर खूण बदलते. आता लाटांना सामोरं जायचं, कारण किनाऱ्याजवळ लाटा समुद्राकडूनच येतात. आणखी पुढे गेल्यावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार असतो. वाळूवर आणि लाटांत धरलेली दिशाच पुढे या होकायंत्रावर चालू राहते. एका खुणेने दुसरीच्या हातात हात द्यावा, तसं.

खेकड्याला रेघेच्या वर धोका दिसतो, पिल्लाला रेघेजवळ घर दिसतं. दोघांचीही युक्ती सपाट, मोकळ्या किनाऱ्यावर घडलेली आहे. किनारा बदलला नाही तोवर ती बिनचूक चालली.

टिनबर्गेन यांनी ऑयस्टरकॅचर या पक्ष्यापुढे त्याच्या स्वतःच्या अंड्याशेजारी भलंमोठं नकली अंडं ठेवलं. लाल चोचीचा हा काळापांढरा पक्षी थंडीत आपल्या किनाऱ्यावरही येतो. तो स्वतःचं अंडं सोडून त्या अजस्र अंड्यावर बसायला धडपडला. मोठं अंडं निवडण्यात पूर्वी कधी तोटा नव्हता, आणि मोठ्याला मर्यादा घालायची वेळच आली नव्हती. किनाऱ्यावरचा पांढरा एलईडी दिवा कासवाच्या पिल्लासाठी तसंच अजस्र अंडं आहे: बुटका, क्षितिजालगतचा, निळसर, आणि कुठल्याही समुद्रापेक्षा उजळ. पिल्लू त्याच्याकडे चालत राहतं. दमतं, सुकतं, सकाळी रिसॉर्टच्या कुंपणाशी सापडतं. समुद्रात दिव्यांच्या झोतावर म्हाकूल (स्क्विड) गोळा करून जाळं टाकण्याची मासेमारीही अशाच ओढीवर चालते. तिच्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमार का तळमळतात हे त्यांच्या वाट्याच्या रिकाम्या जाळ्याला विचारावं. २०१७ साली केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, आणि अंडी खाणारी-विकणारी वाळू राखणीची झाली. या कामातली प्रत्येक पायरी खुणांच्या हिशोबावर बसवलेली आहे. अंडी हलवायची तर घातल्यापासून पहिल्या काही तासांत, कारण त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो आणि अंडं उलटलं तर तो मरतो. उचलताना वरची बाजू वरच ठेवायची. नवा खड्डा मूळ खड्ड्याएवढाच खोल आणि तशाच सुरईच्या आकाराचा, वर ओलसर वाळू. उथळ केला तर वाळू जास्त तापते, आणि कासवांत नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं: जास्त उष्णतेत माद्या. तारखेची पाटी लावायची, पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास वर टोपली उपडी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ बघत राहायचं.

पिल्लं वर आली की टबात ठेवून पर्यटकांची वाट बघायची नाही. बाहेर पडल्यानंतर साधारण दिवसभर त्यांच्या अंगात बेभान पोहण्याची झिंग असते आणि ती पोटात उरलेल्या बलकावर चालते. टबाच्या भिंतीला धडका देण्यात ती संपली तर मोकळ्या पाण्यात पोहोचेपर्यंत काही उरत नाही, आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यातच भुकेले मासे सर्वांत जास्त. त्यांना उचलून पाण्यात सोडायचं नाही. ओल्या वाळूवर काही मीटर आधी ठेवायचं आणि चालू द्यायचं. वाट सपाट करून ठेवायची. जीपच्या चाकाची चार बोटं खोल चाकोरी आपल्याला दिसतही नाही, पिल्लाला ती दरी असते आणि ते तिच्यातून किनाऱ्याला समांतर चालत राहतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश नाही, मोबाइलचा टॉर्च नाही. बघणाऱ्यांनी पिल्लांच्या मागे उभं राहायचं, समुद्राच्या बाजूला नाही, आणि बसलेलं जास्त चांगलं.

दिव्यांचं करायचं ते गावाला सहज जमण्यासारखं आहे. समुद्राकडे तोंड केलेले दिवे या महिन्यांत रात्री बंद. जे लागणारच ते खाली, झाकण घातलेले, उजेड फक्त पायवाटेवर पडेल असे. पांढऱ्याऐवजी अंबर किंवा लाल. खोलीतला दिवा चालेल, खिडकीला जाड पडदा हवा. आणि सुरूच्या मागची माडांची काळी रांग तोडायची नाही. रात्री गॅलरीतून समुद्र दिसावा म्हणून ती विरळ केली जाते, तेव्हा पिल्लाने पाठ फिरवावी असं मागे काही उरत नाही.

दिवा लावण्याआधी एकदा खरंच वाळूवर आडवं होऊन बघावं, हनुवटी वाळूला टेकवून, डोळे जमतील तेवढे खाली आणून. समोर समुद्राची फिकट पट्टी दिसते आणि मागे काळोख. आता वळून बघा, गावातला कुठला दिवा त्या पट्टीपेक्षा उजळ दिसतो. बटण नेमकं त्याचंच शोधायचं.